अव्वाची राहिलेली गोष्ट

माझ्या सासूला भुतं आवडायची. असं एकदम सांगितलं की लोक हसतात, आणि मग मला राग येतो. म्हणून आधीच सांगते, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्यांचं नाव रुद्राणी. मी त्यांना आत्या म्हणायची, आमच्या वेळापूरकडं सासूला तसंच म्हणतात. दिसायला अगदी साध्या. बुटका बांधा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पायात रबरी स्लिपर. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. आत्यांनी बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत ज्वारीच्या कडक भाकरी करून विकल्या आणि एकुलत्या एक पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बसूला, शिकवलं. कडक भाकरी करायची म्हणजे पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर शेकायची आणि मग मंद आचेवर वाळेपर्यंत जवळ बसून राहायचं. त्या बसून राहण्यात आत्या वाचायच्या. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पुस्तक. पुस्तक कसलं? तर भुताचं.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. म्हटलं, सासूच्या साड्यांना जरा ऊन दाखवावं, तेवढंच नव्या सुनेचं नाव होईल. आत चार साड्या आणि बाकी सगळी पुस्तकं. कव्हरावर कुठं कवटी, कुठं विहिरीतून वर आलेला हात, कुठं केस सोडलेली बाई. माझी पाचावर धारण बसली. मी विज्ञानाची शिक्षिका, भूतबित मानत नाही, पण माणसाला माणसाची भीती वाटतेच की. मागून आत्यांचा आवाज आला, "काय बघालीस गं? वाचायचं असलं तर घे. पण पिठाचे हात लावलेत, झटकून घे."

त्यांचा दुसरा छंद याहून विचित्र होता. दर रविवारी त्या रद्दीच्या दुकानांतून हिंडायच्या. जुनी पुस्तकं विकणारा दिसला की त्याच्यापुढं उकिडव्या बसायच्या आणि एक गोष्ट सांगायच्या. डोंगरातल्या एका गावात नवा पोस्टमास्तर येतो. रोज संध्याकाळी साडेपाचला, पोस्ट बंद व्हायच्या वेळेला, खिडकीशी एक बाई येते आणि विचारते, माझं पत्र आलंय का? तिचा मुलगा लांब गेलेला असतो. गावातले लोक सांगतात, अहो, ती बाई पटकीच्या साथीत कधीच मेली. शेवटी पोस्टमास्तरच मुलाच्या नावानं एक पत्र लिहितो आणि तिला देतो. ती पाकीट हातात घेते, आणि...

"आणि काय?" रद्दीवाला विचारायचा.

"तेच तर तुला विचारालोय," आत्या म्हणायच्या. "असलं पुस्तक आलंय का तुझ्याकडं?"

लेखक कोण ते माहीत नाही, पुस्तकाचं नाव माहीत नाही. रद्दीवाले मान हलवायचे. मग आत्या ढिगातली चार भुताची पुस्तकं उचलायच्या. न जाणो, त्यातल्या एखाद्यात ती पोस्टाची बाई निघायची. मी बसूला म्हटलं, "तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?" तो म्हणाला, "लहानपणापासनं असंच बघतोय मी. सोड की." पुरुषांचं एक बरं असतं, सोड म्हटलं की सुटतं.

पुढं आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि बाळीवेस सुटली. माझी मुलगी आरोही नऊ वर्षांची असताना एकदा शाळेतून काळे कपडे मागत आली. शाळेत हॅलोविन म्हणे. आता सोलापुरात गड्ड्याची जत्रा असताना हे परदेशी सोंग कशाला, म्हणून मी कटकट केली. पण आत्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय असतंय गं ते?"

आरोहीनं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. एकतीस ऑक्टोबर. त्या दिवशी मेलेली माणसं आपल्या घरी परत येतात असं तिकडचे लोक मानतात. त्यांना वाट दिसावी म्हणून भोपळ्यात दिवा लावतात.

आत्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "म्हणजे दिवस ठरलेला हाय?" त्यांनी विचारलं. "आणि कुणाचंबी माणूस येतंय? जातबित बघत न्हाईत?"

"नाही गं आज्जी," आरोही म्हणाली. "भुतांना कुठली जात?"

त्या वर्षापासून आमच्या घरात हॅलोविन सुरू झाला. आत्यांनी मंडईतून हिरवट चपटा डांगर भोपळा आणला. आख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नाही अशी आमच्यात रीत, म्हणून बसूला ऑफिसातून लवकर बोलावून पहिला काप त्याच्याकडून घेतला. भुतांच्या सणाला रीत पाळणारी माझी सासू! मग चमच्यानं गर कोरला, डोळे-नाक कापलं, आत पणती ठेवली आणि भोपळा दाराबाहेर. दार सताड उघडं. सोसायटीतली पोरं जमली. आत्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली. काय सांगायच्या म्हणता! आवाज खाली आणायच्या, थांबायच्या, पोरं एकमेकांच्या अंगावर सरकायची, आणि मग त्या हळूच पुढं जायच्या. गोष्ट संपली की प्रत्येकाच्या हातावर शेंगाची पोळी. दुसऱ्या दिवशी त्या गराचे घारगे. पोरं वर्षभर विचारायची, आज्जी, भुताची दिवाळी कधी?

पोरं गेली तरी आत्या दार लावू द्यायच्या नाहीत. डास येतात म्हणून मी चिडायची. त्या म्हणायच्या, "आजच्या दिवस राहू दे की."

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा म्हणे अंथरुणात घाबरून उठतो. ती मला म्हणाली, "तुम्ही स्वतः विज्ञान शिकवता ना मॅडम?" त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती जिना उतरते न उतरते तोवर मी आत्यांवर तोंड सोडलं. काय नाही बोलले मी! म्हटलं, "या वयात शोभतं का हे तुम्हाला? भुतं नसतात हो! नसतात! सगळं आयुष्य त्या कचऱ्यात घालवलंत, आता पोरांचं डोकं नासवू नका."

आत्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "नसतात ते तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक हाय, ऋतुजा. सत्तेचाळीस वर्षं मी दार उघडं ठेवलंय. कोणी आलं न्हाय."

मग त्यांनी मला सांगितलं. पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नव्हतं ते.

आत्या अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा बाळीवेशीत चंद्रव्वा नावाची एक चटणीवाली होती. तिची शेंगा-चटणी गावभर जायची. तिच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, रोज दुपारी दहा-बारा बायका शेंगा फोडायला बसायच्या. आता शेंगा फोडणारीचं कसं असतं, दहा दाणे सुपात टाकले की अकरावा तोंडात जातो. त्यात तिचाही दोष नाही, पोट रिकामं असतं. पण चंद्रव्वा पक्की. तिनं आधी बायकांना भजनं म्हणायला लावली. कडव्याकडव्यामधे बायका दाणे खायच्या. मग तिला एकदा कळलं की भुताची गोष्ट चालू असली की कुणाचा हात तोंडाकडं जात नाही. सगळ्यांची तोंडं नुसती उघडी राहतात. झालं! गल्लीच्या तोंडाशी गुरुसिद्धप्पा भाड्यानं पुस्तकं द्यायचा. चंद्रव्वानं त्याच्याकडून भुताची पुस्तकं आणायला सुरुवात केली आणि वाचायला लावलं रुद्राणीला, कारण तिथं बसणाऱ्यांत मराठी शाळेत जाणारी तीच एक. तिची आई, जिला ती अव्वा म्हणायची, तिथंच शेंगा फोडायला असायची.

अव्वा अक्कलकोटाकडची. तिला मराठी धड कळायचं नाही आणि अक्षरओळख तर कुठल्याच भाषेत नव्हती. म्हणून रुद्राणी एक परिच्छेद मराठीत वाचायची आणि लगेच अव्वाकडं वळून तोच कानडीत सांगायची. अव्वा मांडी घालून, मान जरा वाकडी करून ऐकायची आणि थांबलं की विचारायची, "मुंदेनातु?" म्हणजे, पुढं काय झालं?

"अगं, ती एरवी कोणाशी बोलायची न्हाय," आत्या म्हणाल्या. "दिवसभर राबायची, घरात मार खायची. पण गोष्ट ऐकताना तिचं तोंड असं उजळायचं! मी वाचालोय म्हणून उजळतंय, असं मला वाटायचं. मला तर भुतं तेव्हापासनं देवासारखी."

चंद्रव्वाचा एक नियम होता. पुढचं पान कुणी आधी वाचायचं नाही, वाचणाऱ्या पोरीनंसुद्धा नाही. पुस्तक तिच्या ट्रंकेत कुलपात राहायचं. गोष्ट रोज ऐन वेळी तोडायची, म्हणजे बायका दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. त्या पोस्टमास्तरचं पुस्तक आलं, त्याचं कव्हर आणि पहिली पानं कधीच फाटून गेलेली. बारा दिवस ते चाललं. शेवटचं प्रकरण उरलं होतं. बाईनं पाकीट हातात घेतलं, आणि चंद्रव्वा म्हणाली, बास, आता उद्या.

त्या रात्री अव्वाला ताप भरला. डोळे पिवळे झाले. दुसऱ्या दिवशी ती शेंगा फोडायला गेली नाही, म्हणून रुद्राणीही गेली नाही. पडल्या पडल्या अव्वा म्हणाली, "मुंदेनातु? जा की, चंद्रव्वाकडनं मागून आण. तेवढं वाच."

"आणि मी गेले न्हाय," आत्या म्हणाल्या. "चंद्रव्वानं दिलं असतं गं. मरणाऱ्या बाईला कोण न्हाय म्हणालं असतं? पण मला वाटलं, गोष्ट राहिली तर तिच्या ओढीनं ही उठून बसेल. मी म्हणाले, तू बरी हो, सोप्यात येऊन बस, मग वाचते. चार दिवस ती विचारत होती आणि चार दिवस मी हेच सांगितलं. पाचव्या दिवशी विचारायची बंद झाली."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तेही बसवून. मांडी घालून, समाधीत बसवल्यासारखं. अव्वाला खड्ड्यात बसवलं तेव्हा पोरीला ती अगदी सोप्यात गोष्ट ऐकायला बसायची तशीच दिसली. मान जरा वाकडी. सकाळीच ही पोर रडत रडत चंद्रव्वाच्या घरी गेली होती. चंद्रव्वानं तिला पोटाशी धरलं आणि पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात हिनं कोनाड्यातल्या किल्लीनं ट्रंक उघडून पुस्तक परकरात लपवलं. सगळे विभूती आणि बेल वाहत होते. मामानं हिला उचलून खाली आईजवळ सोडलं. हिनं बेलाच्या पानांबरोबर ते पुस्तक अव्वाच्या शालीखाली, मांडीवर ठेवलं. शेवटचं प्रकरण उघडून ठेवलं. वरनं मीठ पडलं, विभूती पडली, माती पडली.

"मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! म्हटलं, आता तिला कळेल पुढं काय झालं ते. घरी आलो. दारात पायावर पाणी घेतलं. आणि पाणी घेता घेता आठवलं."

"काय?" मी विचारलं.

"अव्वाला कुठं वाचता यायचं?"

 

त्यानंतर त्यांनी भुताची म्हणून जी गोष्ट मिळाली ती वाचली, कारण भुताच्या गोष्टीत मेलेली माणसं परत येतात. अव्वा परत आली तर एकच विचारणार होती, मुंदेनातु? आणि लेकीला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून पुस्तक शोधायचं आणि दार उघडं ठेवायचं, दोन्ही कामं बरोबरीनं. एकदा त्यांनी मठातल्या स्वामींना विचारलं होतं, मेलेलं माणूस परत येतं का? स्वामी म्हणाले, तुझी आई लिंगैक्य झाली, शिवात मिळाली, तिला आता परत यायचं कारणच नाही. ते बिचारे समाधान करायला बोलले. आत्या घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. "आपल्या लोकांत येणं-जाणंच न्हाय, ऋतुजा. म्हणून आरोहीनं तो सण सांगितला तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, दुसऱ्यांच्या दारानं तरी येईल."

मी त्यांच्या पाया पडले. नुसती माफी मागून भागणार नव्हतं, म्हणून म्हटलं, "आत्या, ते पुस्तक मी शोधते."

म्हणायला सोपं. इंटरनेटवर पाहिलं, वाचनालयं पालथी घातली, शाळेतल्या मास्तरांना विचारलं. नाव नाही, लेखक नाही, नुसत्या गोष्टीवर काय सापडणार? मधल्या काळात आत्यांच्या साखरेनं आधी त्यांचे डोळे खाल्ले. मग किडन्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पुस्तकं कपाटात राहिली, त्यांना ती दिसेनात. हात मात्र पानांवरून फिरवायच्या. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बसूला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार धरून चालू नका.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत मला अक्कल आली. असलं पुस्तक सांभाळून कोण ठेवील? ज्याचा पोस्टाशी संबंध तोच की! सात वर्षं माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. शिकवते विज्ञान, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. माझ्या माहेरी, वेळापूरला, आमच्या घरामागं ज्ञानूकाका राहतात, पस्तीस वर्षं पोस्टमन होते. फोनवर गोष्ट निम्मी सांगितली, तर म्हातारा खेकसला, "साडेपाचची बाई! हाय की माझ्याकडं! आमच्या खात्यावरचं पुस्तक हाय म्हणून ठिवलंय. पण लई हलकट माणसानं लिवलंय ते, सांगून ठिवतो."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं वेळापूरला गेले आणि पुस्तक घेऊन संध्याकाळी परत निघाले. लहानसं पुस्तक, कव्हरावर पोस्टाची खिडकी. बसमधे शेवटचं प्रकरण उघडलं आणि काका का चिडले ते कळलं.

बाई पाकीट हातात घेते आणि मागून इन्स्पेक्टर झडप घालून तिचा पदर ओढतो. बाई म्हणजे बाई नसतेच. पोस्टातला शिपाई साडी नेसून यायचा, लोकांना घाबरवून मनीऑर्डरी चोरायचा. मग चार पानं इन्स्पेक्टर सगळं समजावून सांगतो. शेवटचं वाक्य असं की भुतं ही माणसाच्या मनातच असतात.

मी वर्गात हेच शिकवते. पण त्या बसमधे मला त्या लेखकाचं नरडं धरावंसं वाटलं. चौपन्न वर्षं एक बाई या चार पानांसाठी दारात बसली, आणि त्यात कोणी परत आलेलंच नाही!

पुस्तक आणलंय म्हटल्यावर आत्यांनी ते हातात घेतलं, छातीशी धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. म्हणाल्या, "पहिल्यापासनं वाच. आणि दुपारचीच वाच." मी रोज दुपारी वाचायला बसले. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. काही वाक्यं तर त्या माझ्या आधी म्हणायच्या. मला मात्र अन्न गोड लागेना. बसूला विचारलं तर म्हणाला, "खरं ते वाच. आईला फसवू नको." बरोबरच होतं त्याचं. पण त्याला चंद्रव्वाचा तो सोपा नव्हता ना माहीत. ती पायावर पाणी घेणारी पोर माहीत नव्हती.

शेवटचं प्रकरण आलं ते एकतीस ऑक्टोबरला. आरोहीनं सकाळीच भोपळा कोरून दाराबाहेर ठेवला होता. दार उघडं होतं. आत्या उशीला टेकून बसल्या होत्या, मान जरा वाकडी. मी वाचलं, "तिनं पाकीट हातात घेतलं." आणि पुढच्या ओळीवर डोळे ठेवले. इन्स्पेक्टर तिथं उभाच होता. मी त्याला ओलांडून गेले.

मी जन्मात कधी गोष्ट रचलेली नव्हती. जे तोंडात आलं ते बोलत गेले. बाई म्हणाली, मास्तर, मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचून दाखवा. मास्तरनं चष्मा पुसला आणि वाचलं. आई, मी सुखरूप पोचलो. पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नको. मी मुद्दाम नाही केला. तू बरी होशील असं मला वाटलं होतं. बाईनं ऐकलं. मग ती म्हणाली, मी कुठं रागावले होते? मला नुसतं पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. तिनं पाकीट पदरात बांधलं आणि मास्तरला सांगितलं, आता उद्यापासून खिडकी वेळेवर बंद करत जा, मी यायची नाही. आणि ती उतारावरून चालत गेली. तिची पावलं धुळीत उमटलेली मास्तरला दिसली.

मी थांबले.   बाहेर कोणाची तरी गाडी जिन्याशी थांबली आणि निघून गेली.

मग त्या म्हणाल्या, "पान उलटायचं राहिलं की गं तुझं."

 डोळे नसलेल्या माणसाला कागदाचा आवाज ऐकू येतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "आत्या, मी..."

"इन्स्पेक्टर आला असंल," त्या म्हणाल्या. "व्हय ना?"

"हो."

"मला वाटलंच. शेकड्यानं वाचलीत मी असली. ह्या मेल्यांना शेवटी इन्स्पेक्टरच सुचतोय." त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, मी पाणी पाजलं. मग त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "अव्वाला कानडीत सांगताना मीपण असंच करायचो. जे तिला सोसायचं न्हाय ते पान मी सांगायचोच न्हाय. तिला कळत असंल काय गं?"

"कळत असणार," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "आत्या, तुम्ही रागावलात?"

"मी कुठं रागावले?" त्या म्हणाल्या. माझंच वाक्य मला दिलं. "ती चार पानं राहू दे. तुझी गोष्ट परत म्हण. हळू म्हण. मला पाठ करायची हाय."

मी परत म्हटली. आणखी एकदा म्हटली. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि माझ्यामागून एकेक वाक्य कानडीत म्हणू लागल्या. मला कानडी येत नाही. पण कुठलं वाक्य कुठं आलं ते मला बरोबर कळत होतं. त्या दिवशी दिवे लागल्यावर त्या आपण होऊन म्हणाल्या, "दार लाव आता. डास येतात."

पुढचे अकरा दिवस त्या कोणाशी फार बोलल्या नाहीत. पडल्या पडल्या तेच पुटपुटायच्या. बसूला कानडी येते, तो डोळे पुसत मला सांगायचा, आई आज धुळीतल्या पावलांपर्यंत आली. बाराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आत्यांना बसवलं तेव्हा स्वामींनी विभूती दिली, आम्ही बेल वाहिला. बसूनं घरातून निघताना ते पुस्तक पिशवीत घालून आणलं होतं. तोवर मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं पुस्तक काढलं आणि माझ्याकडं पाहिलं. "मांडीवर ठेवू का आईच्या?"

आत्यांची मान जरा वाकडी झाली होती. मी खाली वाकून ती सरळ केली. आता ऐकायची पाळी त्यांची नव्हती.

"नको," मी म्हटलं. "त्यांना पाठ आहे."